अक्काची पातळ निगेटिव्ह

आमच्या धारवाडच्या घरात अंघोळी सकाळी लवकर उरकायच्या म्हणजे उरकायच्याच. घरात पाहुणा असो, कुणाला ताप असो, नाहीतर प्रत्यक्ष आमची कोल्हापूरची आत्या आलेली असो, सवलत नाही. कारण त्यानंतर न्हाणीघर न्हाणीघर राहायचं नाही. अप्पा खिडकीवर काळं घोंगडं ठोकायचे, दाराच्या फटीत आईची जुनी लुगडी कोंबायचे, हंड्यावर फळी टाकून तिच्यावर ट्रे मांडायचे आणि लाल दिवा लावला की आमची डार्करूम तयार. आई तिला ‘काळी खोली’ म्हणायची आणि त्या खोलीवर तिचा सवतीवर असावा तसा राग होता. “लोकांच्या न्हाणीघरात शिकेकाईचा वास येतो, आमच्याकडं नासलेल्या लोणच्याचा,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, मराठी माणसाला मराठीत आणि कानडी माणसाला कानडीत. अप्पांवर कुठल्याच भाषेचा परिणाम होत नसे.

अप्पा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. फोटोचा नाद त्यांना तरुणपणापासून. पण मी बी.एस्सी.ला गेले त्या सुमारास त्यांच्या बोटांना भेगा पडायला लागल्या, कातडी सोलवटून निघायला लागली. डेव्हलपरमध्ये मेटॉल नावाची एक पूड असते, ती काहींच्या हाताला सोसत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, मास्तर, एकतर फोटो ठेवा नाहीतर हात ठेवा. अप्पांनी दोन्ही ठेवले. ट्रेमध्ये हात घालायचं काम माझ्याकडं दिलं आणि स्वतः दाराबाहेर पाटावर बसून आतल्या कामाची सूत्रं हलवायला लागले. “कुंदा, ट्रे हलवतेयस ना? थांबू नको. आता धू. अगं, अजून धू!” हे धुणं त्यांच्या फार जिव्हाळ्याचं. आत मी घामानं निथळतेय, बाहेर आई भाकरी थापतेय, तिचा थप-थप आवाज आणि अप्पांचं ‘धू-धू’ एका लयीत चाललंय. मागच्या गल्लीतून मंडक्कीवाला ओरडत जायचा. आम्ही त्या चुरमुऱ्यांचं गिरमिट करायचो, वर कच्चा कांदा आणि शेंगाचटणी. पण काम अर्ध्यावर असलं की मला दार उघडता यायचं नाही, आणि बाहेर अक्का माझा वाटा खाऊन टाकायची. वर दाराला तोंड लावून सांगायची, “खूप छान झालं होतं बरं का!”

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण सुधा. मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. उंच, ताठ, कपाळ मोठं, हसली की गालाला एकाच बाजूला खळी. आणि काळी. सावळी नव्हे, काळी. ‘सावळी’ हा शब्द आमच्या घरात फक्त आई वापरायची आणि तोही पाहुण्यांसमोर. मी स्वतः गव्हाळ निघाले, त्यात माझं काही कर्तृत्व नाही, पण आईला दोन्ही मुली दोन्ही बाजूंना घेऊन लग्नाकार्यात बसायचं म्हणजे जिवावर यायचं, हे मला लहानपणापासून दिसत होतं. फार राग यायचा मला त्याचा. अजून येतो.

अक्काला दाखवायला सुरुवात झाली तेव्हा हुबळीच्या एका स्टुडिओतून तिचा फोटो काढून आणला होता. त्या वेळी मुलीचा फोटो म्हणजे निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून, घासून-पुसून चेहरा उजळ करायचा, हे ठरलेलंच असे. तसं न सांगताही करून देत. फोटो आला तेव्हा आई हरखली. मला मात्र त्या फोटोतली बाई अक्काचे कानातले घालून बसलेली कुणी तिऱ्हाईत वाटली. मग तो फोटो गावोगाव गेला, लोक आले, उप्पीट खाल्लं, चहा प्यायले, आणि गेल्यावर निरोप आला: मुलगी चांगली आहे, पण फोटोतल्यासारखी नाही. एका बाईनं तर बशी खाली ठेवता ठेवताच विचारलं, “फोटो धाकटीचा पाठवला होता काय?” अक्का आत आली आणि साडी न बदलता वह्या तपासायला बसली. सगळ्या निबंधांवर तिनं त्या दिवशी लाल शाईनं भलतेच शेरे मारले, पोरी बिचाऱ्या दुसऱ्या दिवशी रडल्या असतील.

नंतर बेळगावचं स्थळ आलं. मुलगा पाटबंधारे खात्यात, माणसं साधी. अप्पांचे स्नेही जोशी मास्तर मध्यस्थ. ते त्या आठवड्याच्या शेवटी बेळगावला जाणार होते, फोटो तेच नेणार होते. अक्का जेवताना म्हणाली, “हे बघा अप्पा, मला नाकारायचंच असेल तर मला बघून नाकारू देत. जिला मी ओळखतसुद्धा नाही अशा मुलीपुढं मला कमी ठरवायचं, हे आता बस झालं. मी दिसते तसा फोटो तुम्ही काढा. नाहीतर पाठवूच नका.” अप्पांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून मान हलवली. आई एण्णगाईच्या भांड्यात डाव ढवळत राहिली, वांगी पार मोडली तरी.

फोटो काढायचा दिवस मला लख्ख आठवतो, कारण इतकं मनापासून चुकलेलं मी क्वचित बघितलंय. अक्कानं निळी इरकल काढून ठेवली होती. आईनं ती परत पेटीत घातली आणि आपली पांढरी, बारीक जरीकाठाची साडी बाहेर काढली. मागच्या अंगणातल्या भिंतीला नुकताच चुना दिला होता, त्या भिंतीपुढं खुर्ची मांडली. आईचा हिशेब सरळ होता: मागं पांढरं, अंगावर पांढरं, तोंडाला पावडर, म्हणजे पोरीवरही थोडं पांढरेपण चढेलच की! अप्पा रसायनशास्त्राचे प्राध्यापक, त्यांना कळायला नको? पण तेही आपल्याच तंद्रीत. लाइट मीटर त्यांनी मोठ्या ऐटीत धरला, काटा त्या चुन्याच्या भिंतीनं टुणकन उडाला, आणि उजेड भरपूर आहे असं समजून त्यांनी कॅमेऱ्याचं छिद्र बारीक करून टाकलं. मीटरनं भिंत मोजली, अक्का राहूनच गेली. त्यातही बऱ्याच फ्रेम वाया गेल्या. एकीत ती हलली, एकीत डोळे मिटले. एकच अशी होती की तिनं आमच्या मांजराकडं बघितलं, मग कॅमेऱ्याकडं, आणि खळी तिथंच राहिली होती.

दुपारी मी रोल धुऊन बाहेर आणला आणि उजेडात धरला. निगेटिव्ह पातळ म्हणजे किती पातळ असावी! निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, जे पांढरं ते काळं आणि जे काळं ते पारदर्शक. भिंत आणि साडी मळकट राखाडी, आणि अक्काचा चेहरा काचेवर कुणी श्वास सोडावा तेवढाच. अक्का माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, “बघ की गं, इथं सगळ्यांत गोरी मीच!” आम्ही दोघी हसलो, आई हसली नाही. एन्लार्जरमध्ये घालून मी सगळ्यात कडक कागदावर छापून बघितलं, म्हणजे ज्याच्यावर काळं-पांढरं जास्तीत जास्त फटकून उठतं त्या कागदावर. तरी चिखलच. केस आणि कपाळ एक झालेलं, डोळे शोधावे लागत होते. आईला तो फोटो दिसला आणि ती म्हणाली, “पांढऱ्या साडीत बसवली तरी काळीच आली!” मी म्हटलं, “आई, पांढऱ्या साडीत बसवली म्हणूनच आली.” ते तिला पटलं नाही, शेवटपर्यंत.

“उद्या परत काढू, निळ्या साडीत,” अप्पा म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काच्या कपाळावर पुरळ उठलं आणि संध्याकाळपर्यंत अंगभर कांजिण्या. दाराला लिंबाचा डहाळा लागला, तिला आतल्या खोलीत ठेवलं, आरसा काढून घेतला. आता परत फोटो काढायचा म्हणजे खपल्या पडून डाग जाईपर्यंत थांबायचं, आणि जोशी मास्तर तर आठवड्याच्या शेवटी बेळगावला निघणार. आईनं लगेच हुबळीच्या त्या स्टुडिओतल्या जुन्या फोटोची गोष्ट काढली. आतून अक्काचा तापानं घोगरा झालेला आवाज आला, “तो फोटो पाठवलात तर मी कुणासमोर येणार नाही. आधीच सांगते.” अक्का बोलली की करायची. सगळ्या घराला ते ठाऊक होतं.

मग अप्पांनी निगेटिव्ह दाट करायची गोष्ट काढली. त्याची रीत त्यांनी मला पाटावर बसून समजावली: फिल्मवरचं चित्र एका रसायनात विरंजून टाकायचं, भरपूर धुवायचं, आणि पुन्हा डेव्हलपरमध्ये घालायचं, परत येतं तेव्हा ते पहिल्यापेक्षा दाट येतं. “पण एक लक्षात ठेव,” ते म्हणाले, “जे फिल्मवर मुळात उतरलंच नाही ते ब्रह्मदेव आला तरी येणार नाही. थोडं आहे ते वाढेल, इतकंच. आणि चित्र पक्कं करणाऱ्या हायपोचा अंश राहिला तर डाग पडतील. तेव्हा आधी धू.” त्यासाठी पोटॅशियम डायक्रोमेट लागणार होतं. कॉलेजच्या बाटलीतून चिमूटभर आणणं अप्पांच्या तत्त्वात बसत नव्हतं. म्हणून मी बस धरून हुबळीला गेले, दुर्गदबैलच्या बाजारातल्या गर्दीत हातगाड्या चुकवत रंगाऱ्यांच्या दुकानी पोचले. तिथं हे नारिंगी खडे कापड रंगवायला विकत. दुकानदार म्हातारा, पुडी बांधता बांधता म्हणाला, “याकव्वा, सीरीगे बण्णा हाक्तीयेनु?” साडीला रंग देतेस काय, असं. मी म्हटलं, “इल्ला अज्जा, अक्कागे,” नाही आजोबा, अक्काला. त्यानं पुडी हातात तशीच धरून माझ्याकडं असं बघितलं की मी पळ काढला.

त्या काळी आमच्याकडं नळाला दिवसाआड पाणी. धुण्याला तर पाणीच पाणी हवं. आईनं एक अक्षर न बोलता आपल्या अंघोळीचा हंडा माझ्याकडं सरकवला, हे मी विसरणार नाही. बोलायची ती पुष्कळ, पण द्यायची वेळ आली की गप्प राहून द्यायची. आणि हे काम उजेडात करायचं असल्यानं काळ्या खोलीतलं रहस्य आईला पहिल्यांदाच बघायला मिळालं. अंगणात चौरंगावर ट्रे मांडले. आधी तालीम म्हणून मी डोळे मिटलेली फ्रेम कापून घेतली. ती पिवळ्या पाण्यात गेली आणि बघता बघता चेहरा फिकटला, साडी गेली, भिंत गेली. “अय्यो!” आई किंचाळली, “पुसलीस की गं माझ्या पोरीला!” मी धूत राहिले, पिवळेपणा जाईपर्यंत. मग डेव्हलपर. आणि त्या ओल्या तुकड्यावर अक्का हळूहळू परत यायला लागली, पहिल्यापेक्षा ठळक. आईनं तोंडावर पदर धरला. नंतर बराच वेळ ती माझ्याजवळून हललीच नाही, चुलीवरचं दूध उतू गेलं तरी.

माझ्या नातीच्या फोनमध्ये आता एक बोट फिरवलं की माणूस गोरा होतो, नाक धारदार होतं, डोळे बशीएवढे. परवा तिनं माझाच फोटो तसा करून दाखवला. मी म्हटलं, “ही बाई कोण?” ती म्हणाली, “आज्जी, तूच की!” मला एकदम आईची आठवण झाली. नातीला रागावणार होते, रागावले नाही.

कारण आईनं काय केलं ते सांगते. तालमीच्या फ्रेमला मी मुद्दाम दुसरा हात दिला, म्हणजे सगळं परत एकदा केलं, कुठं थांबायचं ते कळावं म्हणून. छापून बघितलं. साडी भिंतीत मिसळून गेली, जरीकाठ नाहीसा झाला आणि चेहरा उजळला. चांगला उजळला. मग मी खरी फ्रेम घेतली, ती मांजराकडं बघून हसलेली, आणि तिला एकच हात दिला. तीही छापली. त्यात केस केसांच्या जागी होते, कपाळ कपाळाच्या, डोळ्यांत चमक होती, खळी होती, साडीचा काठ मोजून घ्यावा असा. अक्काचा रंग जसा आहे तसा. मला इतका आनंद झाला की मी ओल्या हातांनी अप्पांना मिठी मारली. आई दोन्ही फोटो घेऊन अंगणात उभी होती. डोळे मिटलेला वर धरून म्हणाली, “कुंदा, त्या हसरीला पण एवढंच गोरं कर. एकदाच घाल की अजून. तुझं काय जातं?”

“आई, साडीचा काठ जाईल.”

“काठाला घेऊन काय करायचंय! पोरगी जाऊ दे एकदाची चांगल्या घरी!”

अप्पा म्हणाले, “अगं, तिनं स्पष्ट सांगितलंय...” त्यावर आई त्यांच्या अंगावरच गेली. “तुम्ही गप्प बसा. भिंतीचा फोटो काढणारे तुम्ही!” हे बाकी खरं होतं. मी म्हटलं, तिचा फोटो आहे, तिला विचारू. मला लहानपणीच कांजिण्या येऊन गेल्या होत्या, म्हणून मी दोन्ही फोटो घेऊन आत गेले. आई उंबऱ्याशी थांबली. अक्का उशीला टेकून बसली, चेहरा फोडांनी भरलेला, ओठ सुकलेले. तिनं फोटो उजेडाकडं वळवून कितीतरी वेळ बघितले. मग हसलेला फोटो छातीशी धरला. “ही मी. ती दुसरी कोण आहे ते मला ठाऊक नाही. डोळे मिटून बसलीय, म्हणजे तिलाही मी कोण ते ठाऊक नसणार.”

तेव्हा आई उंबऱ्यातच खाली बसली आणि रडायला लागली. आम्ही तिला तसं रडताना कधी बघितलं नव्हतं. “तुम्हाला सगळं सोपं वाटतं,” ती म्हणाली. “मी काय तिची वैरीण आहे? मी पण काळीच की. माझ्या वेळी फोटोबिटो नव्हता. अंतरपाट निघाला आणि तुमच्या आजीनं मला पहिल्यांदा बघितलं. भरल्या मांडवात म्हणाल्या, ‘ही काळी कुणाची?’ अक्षता हातात होत्या सगळ्यांच्या. ते ऐकून घेऊन मी या घरात आले आणि मग रोज ऐकलं. माझ्या पोरीनं ऐकू नये एवढंच म्हणते मी. दुसरं काय म्हणते?” अप्पा मागं उभे होते.

अक्का पलंगावरून म्हणाली, “आई, त्यांनी आधीच तुला बघितलं असतं तर बरं झालं नसतं का?”

आई डोळे पुसत फणकारली, “मग तुम्ही दोघी कुठल्या झाला असतात?”

यावर अक्का हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. मी पण. अप्पा चष्मा पुसत बाहेर गेले. जरा वेळानं आई उठली, अक्कानं माझ्याकडं दिलेला हसलेला फोटो माझ्या हातातून घेतला, कोपऱ्यावरचा पाण्याचा डाग पदरानं टिपला आणि म्हणाली, “खळी बरी आलीय.” जोशी मास्तरांच्या हातात तिनं तो स्वतः नेऊन दिला. परत आल्यावर म्हणाली, “दिलाय. आता मला कुणी काही बोलायचं नाही.”

कांजिण्या उतरल्या, कडुलिंबाच्या पाण्यानं अंघोळ झाली आणि काही आठवड्यांनी बेळगावची मंडळी आली. मुलगा, त्याचे मामा आणि आई. मुलाची आई ठेंगणी, गोरीपान, जाड भिंगाच्या चष्म्याची. तिला बघूनच आमच्या आईचा चेहरा उतरला. अक्कानं आपली निळी इरकल नेसली होती. कपाळावर आणि हनुवटीवर कांजिण्यांचे व्रण राहिले होते, आणि आई पावडरचा डबा घेऊन मागं लागली तरी अक्कानं तो उघडू दिला नाही. ती ट्रे घेऊन बाहेर गेली, मी आणि आई दाराआड उभ्या. उप्पीट झालं. मग त्या बाईंनी आपली पिशवी उघडली, रुमाल काढला, रुमालातून फोटो काढला. आईनं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगड्या रुतल्या. बाईंनी चष्मा सारखा केला, फोटोकडं बघितलं, अक्काकडं बघितलं.

अक्कानं वाट बघितली नाही. सरळ म्हणाली, “त्यात हे दोन डाग नाहीत. फोटो काढल्यावर कांजिण्या आल्या.”

“ते दिसतंय की,” त्या बाई म्हणाल्या. “बाकी सगळं आहे तसंच आहे.” आणि फोटो परत रुमालात गुंडाळून उप्पिटात लिंबू पिळतात का दही घालतात, ते विचारायला लागल्या.

होकार नंतर आला, जोशी मास्तरांकडून. लग्न झालं, आणि सासूबाईंनी अक्काला ऐकवलं नाही असंही नाही. ऐकवलं, पण स्वयंपाकावरून आणि नोकरीवरून. रंगावरून कधी नाही. आता अक्का उणकलला असते, मुलाकडं, तळ्याकडेच्या नव्या वसाहतीत, मी तिथून जवळच रायापूरला. आम्ही भेटलो की अजूनही ती माझा वाटा खाते. पण मला सांगायचं आहे ते त्या दिवसाचं. पाहुणे गेले, होकार की नकार ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं, अप्पा त्यांना बसपर्यंत पोचवायला गेले होते. मी स्वयंपाकघरात आले तर अक्का जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि पातेल्यातलं उरलेलं उप्पीट हातानंच खात होती, भूक लागलेल्या पोरासारखी. आई तिच्यापुढं बसून तिला आणखी वाढत होती. मी विचारलं, “अक्का, काय वाटतंय गं? हो म्हणतील?”

“म्हणू देत नाहीतर न म्हणू देत,” ती म्हणाली. मग घास गिळून आईकडं बघत म्हणाली, “तुम्हाला दोघींना कधी सांगितलं नाही. दर वेळी मी ट्रे घेऊन गेले की ते लोक माझ्याकडं एकदा बघायचे आणि मग माझ्या मागं दाराकडं बघत बसायचे. मुलगी अजून यायची आहे असं वाटायचं त्यांना. आज दाराकडं कुणी बघितलं नाही गं आई.”